जकात नफ्यावर नसते, आणि फित्रा ईदच्या नमाजाआधीच का द्यायचा

भाऊ, आधी तुमचे प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्याला धागा लागेल. तुमचं नागपूरच्या इतवारीत दुकान आहे. रमजान लागला की शेजारचे मुस्लिम दुकानदार वह्या काढून बसतात आणि ‘जकात काढायची आहे’ म्हणतात. हा नफ्यावरचा अडीच टक्के कर आहे का, असं तुम्ही विचारून राहिले. जकात एकदा दिली तर ईदला पुन्हा फित्रा, म्हणजे माणशी द्यायचं दान, कशाला? इतकं देतात तर मशिदीबाहेर मागणाऱ्यांच्या रांगा का दिसतात? आणि ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, तर आपण काय करायचं?

मी इथल्या लहान व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितो, घरी रमजान-ईद आहेच. मौलाना नाही. त्यामुळे फिकहमधला, म्हणजे धर्मशास्त्रातला, बारीक मसला (प्रश्न) असेल तर तो इमामसाहेबांकडेच न्यायचा. हिशेबाची बाजू मात्र माझ्या रोजच्या कामातली आहे, ती नीट सांगतो.

जकात नफ्यावर नसते. ती साठलेल्या मालमत्तेवर असते, आणि तीही ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच. या मर्यादेला निसाब म्हणतात : साडेसात तोळे सोनं, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, किंवा तितक्या किमतीची रोकड नि व्यापाराचा माल. ज्या तारखेला माणूस निसाबाचा मालक झाला त्यानंतर एक चांद्रवर्ष उलटून पुन्हा तेवढं हातात असेल, तर चाळिसावा हिस्सा गरजूंचा. तेच अडीच टक्के. वर्षभर धंदा तोट्यात गेला तरी गोदामात माल आणि गल्ल्यात पैसा निसाबाच्या वर असेल तर जकात लागते. उलट, भरपूर कमावलं पण पोरीच्या लग्नात, घराच्या दुरुस्तीत सगळं संपलं आणि हातात काही उरलं नाही, तर काहीच लागत नाही.

एका कापड दुकानदाराची वही घ्या. आकडे सोयीसाठी मी गोल केले आहेत. आज घाऊक भावाने विकायला काढला तर माल येतो ६ लाखांचा. गल्ला आणि बँक मिळून दीड लाख. येईलच अशी उधारी १ लाख. घरातलं सोनं-चांदी २ लाखांचं. बेरीज साडेदहा लाख. सुरतच्या व्यापाऱ्याचं आणि इतरांचं देणं अडीच लाख, ते वजा. उरले ८ लाख. जकात २० हजार. यात दुकानाची जागा, रॅक, काउंटर, मीटरपट्टी, माल पोचवायची स्कूटर, राहतं घर, काही धरलेलं नाही, कारण ते विकायला ठेवलेलं नाही. बुडीत उधारी आता धरायची नाही, वसूल झाली की त्या वेळी पाहायची. घरकर्जासारख्या लांब मुदतीच्या कर्जाचं सगळं मुद्दल वजा करायचं की फक्त समोरचे हप्ते, यावर उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, वेगवेगळी मतं आहेत, तिथे मी पेन खाली ठेवतो. बँकेच्या व्याजाचा मात्र जकातीत हिशेब नाही. व्याज आपलं नव्हेच, ते पुण्याची अपेक्षा न धरता गरिबाला देऊन टाकायचं, पण ‘घ्या, झाली जकात’ म्हणता येत नाही. दर वर्षी कोणी ना कोणी ही युक्ती काढून पाहतोच.

चांद्रवर्षाचीही एक गोम आहे. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना टाकून चांद्रवर्ष ऋतूंशी जुळवून घेतात. कुरआनाने अशी महिन्यांची हलवाहलव मना केली. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१९ साली रोजे मे महिन्यात, नागपूरच्या ऐन कडाक्यात होते. २०२५ साली मार्चमध्ये. जो व्यापारी ३१ मार्चच्या ताळेबंदावरूनच जकात काढतो, त्याचं वर्ष अकरा दिवसांनी मोठं होतं, म्हणून त्याने साधारण २.५७७ टक्के धरावेत असं हिशेबाच्या जाणकारांनी ठरवून दिलं आहे. आणि जकात रमजानातच द्यावी असा नियम नाही. ज्याचं वर्ष रज्जब या हिजरी महिन्यात भरतं त्याची रज्जबमध्ये लागू होते. रमजानात सवाब (पुण्य) जास्त, म्हणून लोक तिथे आणून बसवतात.

आता तुमच्या ‘कर’ या शब्दाकडे. कर सरकारला भरतात आणि भरल्यावर डोक्यावरून ओझं उतरतं. जकात ही नमाजासारखीच इबादत (उपासना) आहे, इस्लामच्या पाच अरकानांपैकी, म्हणजे आधारस्तंभांपैकी, एक : ईमानाची ग्वाही, नमाज, जकात, रोजा आणि ऐपत असेल त्याला हज. कुरआनात ‘नमाज कायम करा आणि जकात द्या’ हे पुन्हा पुन्हा जोडीने येतं. इ.स. ६३२ मध्ये पैगंबरसाहेबांच्या निधनानंतर काही टोळ्या म्हणाल्या, नमाज पढू, जकात देणार नाही. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी ही वाटणी मान्य केली नाही, लढाई पत्करली. सूरा माऊन सातच आयतींची, लहान मुलांनाही पाठ असते. तिच्यात अनाथाला हुसकावणारा, आणि नमाजी असून रोजच्या वापराची किरकोळ वस्तूसुद्धा शेजाऱ्याला न देणारा, या दोघांना एकाच रांगेत उभं केलं आहे. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तीच. सजदा, म्हणजे नमाजात माथा टेकणं, आणि खिसा यांची फारकत होऊ द्यायची नाही.

म्हणून नुसते पैसे खर्च झाले की जकात झाली, असं नाही. ती कोणाला द्यायची हे सूरा तौबाच्या ६०व्या आयतीत आठ वर्गांत आलं आहे : गरीब, अगदी निराधार, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सुटणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गात असलेले आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. हनफी या फिकह-परंपरेच्या मतात जकात माणसाच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. त्यामुळे मशिदीचा स्लॅब, वजूखान्याच्या टाइल्स, कब्रस्तानाची भिंत, यात जकात चालत नाही, त्यासाठी वेगळी देणगी. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना देता येत नाही, कारण त्यांना पोसणं ही तशीही जबाबदारी. भाऊ, बहीण, आत्या, मावशी गरजू असतील तर देता येते, उलट तिथे दुप्पट सवाब, दानाचा आणि नातं राखल्याचा. सय्यद, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या, घराण्याला जकात देत नाहीत, त्यांना भेट द्यायची.

दुकानदाराला सगळ्यात जास्त अडवणारे मसले दोन. पहिला, दुकानातल्या पोराला ईदचा बोनस जकातीतून देता येतो का? ठरलेला बोनस असेल तर नाही, तो त्याच्या मेहनतीचा हक्क. त्याच्यावर वेगळे देता येतात, तो हकदार असेल तर. दुसरा, कोणाकडे पाच हजार अडकले आहेत, तो देऊ शकत नाही, तर ‘माफ केले, जकातीत धरले’ असं चालतं का? हनफी मतात चालत नाही. आधी जकातीचे पाच हजार त्याच्या हातात ठेवायचे, मग आपलं येणं मागायचं. ऐकायला उफराटं वाटतं, पण त्यात बुडीत खातं पुण्याच्या नावावर खपवायची वाट बंद होते.

आणखी एक नियम मला फार आवडतो. देताना ‘ही जकात आहे’ असं तोंडाने सांगायची गरज नाही, देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. मोमिनपुऱ्यात एक वयस्कर शिंपी रमजानच्या शेवटच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत मशीन चालवतात. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक तयार कुर्ता न्यायला येतं, शिलाई चुकती करतं, आणि निघता निघता त्यांच्या नातवाच्या शाळेची चौकशी करून बंद पाकीट मशीनच्या तक्त्यावर ठेवतं, ‘बच्चों की ईदी’ म्हणून. शिंप्याने वर न बघता ते कैचीखाली सरकवलं, धागा तोडला, पुढचा पायजमा घेतला. पाकीट जकातीचं होतं हे मला ठाऊक, कारण हिशेब माझ्याकडचा. सूरा बकराच्या २७१व्या आयतीत उघड दिलेलं दानही चांगलं म्हटलं आहे, पण लपवून गरिबाला दिलेलं अधिक चांगलं. आणि २६४वी आयत सांगते की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका, म्हणजे दान, वाया घालवू नका.

दागिन्यांवरूनही घराघरांत चर्चा होते. आमच्या विदर्भात बहुतेक हनफी, त्यांच्यात अंगावर घालायच्या सोन्यावरही जकात. कोकणातले मुस्लिम शाफई या दुसऱ्या परंपरेचे, त्यांच्या मते नेहमीच्या वापरातल्या दागिन्यावर नाही. रत्नागिरीची सून नागपुरात आली की पहिल्या रमजानात सासूबाईंच्या बांगड्या वजनकाट्यावर आणि सूनबाईंच्या हातात, असं होऊ शकतं. भांडण नाही, दोघींचं आपापल्या जागी बरोबर.

आता फित्रा. हा मालमत्तेचा नव्हे, माणशी आहे. घरातल्या कर्त्याने स्वतःचा आणि आपल्या लहान मुलांचा काढायचा, ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या बाळाचासुद्धा. माप पावणेदोन-दोन किलो गव्हाच्या आसपास, किंवा त्याची किंमत. जव, खजूर, मनुका यांच्या हिशेबाने दिला तर माप दुप्पट. दर वर्षी मशिदीतून रक्कम जाहीर होते, ती गव्हाच्या भावाने निघालेली सगळ्यात कमी रक्कम असते. ज्याला झेपतं त्याने खजुराच्या किंवा मनुक्याच्या भावाने द्यावा असं माझं ठाम मत आहे. मोठ्या गाडीतून उतरणाऱ्याने गव्हाच्या भावाने फित्रा देणं नियमात बसतं, पण शोभत नाही.

तो ईदच्या नमाजाआधी का, हे हदीसमध्येच आहे. रोज्यात तोंडून गेलेलं वेडंवाकडं धुऊन निघावं आणि गरिबाच्या घरी त्या दिवशी अन्न असावं, यासाठी फित्रा. नमाजाआधी दिला तर फित्रा, नंतर दिला तर साधा सदका. ईदच्या दिवशी रोजा ठेवणं हरामच आहे, त्या दिवशी सगळ्यांनी खायचंय. मग ज्याच्या घरी शिजायला काही नाही त्याने काय करायचं? म्हणून आधी त्याची सोय, मग दोन रकात नमाज, मग गळाभेट. पैगंबरसाहेब रमजान ईदच्या नमाजाला निघताना विषम संख्येने खजूर खाऊन निघत, आपल्याकडे त्या जागी शीरखुर्म्याची वाटी आली. माझं म्हणणं तर असं की शहाणा माणूस फित्रा चार-आठ दिवस आधीच देतो. चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, अकराला मिळालेल्या पैशात पोरांचे कपडे कोण शिवून देणार?

रांगांबद्दल स्पष्ट बोलतो. तुमचं निरीक्षण खरं आहे. काही मागणारे या महिन्यात बाहेरगावहून येतात, हा एक भाग. मोठा भाग आमच्या देण्याच्या पद्धतीचा. २० हजारांची जकात सुटे करून दोनशे जणांना शंभर-शंभर वाटली की देणाऱ्याला दिल्यासारखं वाटतं, घेणाऱ्याचं काहीच बदलत नाही. आयतीत ‘कर्जदार’ हा वेगळा वर्ग आहे, तो आम्ही विसरतो. त्याच २० हजारांत एखाद्या ई-रिक्षावाल्याचे थकलेले हप्ते भरले तर त्याचा धंदा वाचतो, आणि पुढच्या वर्षी तो रांगेत नसेल. मदरशांना, गरीब पोरांच्या फीला लोक देतात, ते चांगलंच आहे. पण गल्लीतलं कोण अडलंय याची यादी आधी हवी. मागत नाहीत म्हणून जे दिसत नाहीत, त्यांच्याबद्दल कुरआनात सूरा बकरामध्ये मुद्दाम सांगितलं आहे.

बकरी ईदचं गणित वेगळं, लांबण लावत नाही. जिलहिज्जा महिन्याच्या १० तारखेपासून, हजरत इब्राहीम यांची आठवण, गोश्ताचे तीन वाटे करणं पसंत : घरचा, नातलग-मित्रांचा, गरिबांचा. सूरा हजमध्ये स्पष्ट आहे की अल्लाहला मांस पोचत नाही, रक्त पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे मनातली अल्लाहची जाणीव.

नागपूरच्या ताजबाग दर्ग्याच्या उर्साबद्दल कोणीतरी खाली विचारलं आहे. बाबा ताजुद्दीन १८६१ साली कामठीत जन्मले, १९२५ साली गेले. राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात मानाने ठेवलं होतं, हे नागपूरकराला सांगायला नको. उर्स, संदल, चादर हे दोन ईदांसारखे शरीअतने ठरवलेले सण नव्हेत. कोणी श्रद्धेने मानतात, काही मसलकांना (पंथांना) ते पटत नाही. तिथल्या लंगरात जेवायला कोणालाही बसवतात, ते ऐच्छिक दानात येतं. जकात बहुतेक फकीहांच्या (फिकहच्या जाणकारांच्या) मते मुस्लिम गरजूंपुरती आहे, सदका मात्र शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याला देता येतो. रस्त्यातला दगड-काटा बाजूला करणं हासुद्धा सदका आहे, याला तर खिसाही लागत नाही.

राहिला शीरखुर्मा. भांडं रिकामं परत करायचं नाही हा आपला घरोघरचा रिवाज आहेच, तोच पाळा. मिठाई, फळं, सुका मेवा, घरचे बेसनाचे लाडू, काहीही चालतं. गोश्त देणार असाल तर हलालचं आहे का ते पाहा, नाही तर गोडच बरं. ईदच्या सकाळी नमाज आणि कब्रस्तानाची भेट उरकायला वेळ लागतो, म्हणून दहा-अकरानंतर जा. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, वेगळं ताट लावतात, त्यात कोणाला वाईट वाटत नाही. लहान पोरांच्या हातावर दहा-वीसची नोट ठेवली तर ती ईदी, पोरं तुम्हाला वर्षभर विसरणार नाहीत.

आणि तुमच्या दुकानात कोणी मुस्लिम पोरगा कामाला असेल तर त्याचा पगार महिना संपायची वाट न पाहता ईदच्या आठवडाभर आधी करा. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकायच्या आत द्या, अशी हदीस आहे. तो स्वतःहून मागणार नाही. चाँदरातीला त्याला दुपारीच सोडा, संध्याकाळनंतर मोमिनपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि त्याला बहिणीच्या बांगड्याही घ्यायच्या असतात.