वायफाय मेशच्या (घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या युनिट्सच्या सेटच्या) वरच्या मजल्यावरच्या युनिटला लॅन केबल जोडूनही स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही. नवा सेट घ्यावा का?

नवा सेट घेऊ नका.

प्लॅन ३००चा, हॉलमध्ये पूर्ण मिळतो, वरच्या मजल्यावर केबल लावूनही ९४ला अडकतो, आणि अधूनमधून ॲप वरच्या युनिटला ‘वायरलेस’ दाखवतं, असं तुम्ही लिहिलंय. तो ९४चा आकडा वाचला आणि लिहायला बसलो. वायफाय असा एका आकड्यावर टिकत नाही, ते सतत वरखाली होतं. रोज ९४ म्हणजे तुमची लिंक, म्हणजे केबलवरची जोडणी, शंभर एमबीपीएसची आहे. केबलमध्ये आठ तारांचे चार पेअर, म्हणजे पिळलेल्या जोड्या असतात. शंभराला ऑरेंज आणि ग्रीन हे दोनच पेअर लागतात, गिगाबिटला (हजार एमबीपीएसला) चारही लागतात. बहुधा ब्लू किंवा ब्राउन पेअर कुठेतरी तुटलाय. दोन्ही टोकांची यंत्रं वेग ठरवतात तो ऑरेंज-ग्रीनवरूनच. त्यामुळे ठरतं गिगाबिट, पण प्रत्यक्षात पेअर कमी पडतो, लिंक पडते, परत प्रयत्न होतो, शेवटी शंभरावर येते. लिंक पडलेल्या वेळात युनिट आपणहून वायफायवर जातं. तुमचं ‘वायरलेस’ ते हेच असणार.

मी टेलिफोनमध्ये केबल जॉइंटिंगचं काम केलंय, नोकरी त्यातच गेली. तळेगावला मुलीचं रो हाऊस आहे, तीन मजली. तिथे अगदी हेच झालं होतं. जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत, हुशार आहेत, घरातलं सगळं तेच बघतात. त्यांनी फर्मवेअर अपडेट केलं, चॅनेल बदलले, सगळं रिसेट केलं, शेवटी आणखी महागाचा सेट आणला. वरती तेच ९४. मी म्हटलं, भिंतीतली केबल बघू. त्यावर ते म्हणाले, ‘बाबा, ते टेलिफोनचं वेगळं, हा डेटा आहे. केबल टेस्टरवर आठही लाइट लागतात.’ जावयाशी वाद कोण घालणार? पण ते वाक्य मला लागलं. ब्रॉडबँड घराघरात आलं ते आम्ही जोडलेल्या तांब्याच्या पेअरवरूनच आलं. पावसात जॉइंट ओला झाला की फोनवर खरखरत का होईना आवाज यायचा, ब्रॉडबँड मात्र पडायचं. डेटा वायरीचे दोष आवाजापेक्षा लवकर दाखवतो, हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

जावई ऑफिसला गेल्यावर मुलीला सांगून जिन्यातला स्विचबोर्ड उघडला. आत केबल तोडून मध्येच जोडलेली! इलेक्ट्रिशियनला लांबी कमी पडली असणार. लाइटच्या वायरीसारखे आठ धागे पिळून एकाच काळ्या टेपमध्ये गुंडाळले होते. पेअरचा पीळ चांगला चार बोटं उघडलेला. ब्लू पेअरची एक तार ओढताच हातात आली. टेस्टरवर लाइट लागत होता कारण ती तार नुसती टेकलेली होती. ब्लेडने खरवडली तर वरून तांबं, आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल, बाहेर मात्र ऐटीत ‘कॅट ६’ हा चांगल्या केबलचा दर्जा छापलेला. असली तार वाकवली की पटकन तुटते. शुद्ध तांब्याची केबल आणून त्याच पाइपातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड ओढली. पहिलाच सेट परत लावला, आणि वरच्या खोलीतही पूर्ण स्पीड मिळाला.

तुम्ही आधी एवढंच करा: वरचं युनिट खाली आणा आणि मुख्य युनिटला छोट्या तयार पॅचकॉर्डने (दोन्ही टोकांना जॅक बसवून मिळणाऱ्या लॅन केबलने) जोडा. आता पूर्ण स्पीड मिळाला तर युनिट निर्दोष, दोष भिंतीत. मग भिंतीतल्या केबलच्या दोन्ही टोकांचे जॅक नव्याने क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. रंगांचा क्रम असा: पांढरा-ऑरेंज, ऑरेंज, पांढरा-ग्रीन, ब्लू, पांढरा-ब्लू, ग्रीन, पांढरा-ब्राउन, ब्राउन. ग्रीनची जोडी ब्लूच्या दोन बाजूंना फाकते, तसंच हवं. बरेच जण रंग जोडीने सरळ ओळीत लावतात. दोन्हीकडे सारखं लावलं की साधा टेस्टर त्यालाही पास करतो, पण पेअर फुटलेला असतो, म्हणजे एकाच सिग्नलच्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांतल्या होतात, आणि लिंक धड चालत नाही. टेस्टरचे लाइट फक्त तार पोचते एवढंच सांगतात. जे म्हणतात की टेस्टर पास म्हणजे केबल पास, त्यांनी हातात कधी पेअर धरलेला नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: काही स्वस्त मेश सेटचे पोर्टच शंभराचे असतात, उदाहरणार्थ टीपी-लिंकचा डेको ई४. तसं असेल तर छोट्या पॅचकॉर्डनेही ९४च येईल, आणि मग माझं पहिलं वाक्य तुम्हाला लागू नाही. मध्ये जुना शंभराचा नेटवर्क स्विच (एका लॅन केबलच्या अनेक करणारा डबा) असला तरी तेच. आणि वरची केबल फायबरवाल्याच्या डब्यातून थेट नेली असेल तर ती तिथून काढून मुख्य मेश युनिटच्या लॅन पोर्टला लावा. मुख्य युनिट राउटर म्हणून चालत असेल तर वरच्याची केबल त्याच्या मागूनच यायला हवी.

जॅक बदलूनही ९४च राहिलं तर नवी केबल ओढा. ती जुनीच्या टोकाला घट्ट बांधून ओढा, पाइप मोकळा असेल तर सरळ येते. त्या पाइपात लाइटची वायर असेल तर तिथून ओढू नका, बाहेरून पट्टीतून न्या. भिंत खराब दिसेल म्हणून घरातले कुरकुरतील. आमच्याकडेही जिन्यात ती पट्टी नको म्हणून जावयांनी सांगितलं होतं, पण पाइप मोकळा निघाला म्हणून तो प्रश्नच आला नाही. तुमच्याकडे आला तर पट्टीच लावा.