खेळ सुटला, पंचविशीत क्लास न लावता चित्रकला जमेल का?

जमते. मी तर शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षासुद्धा दिली नव्हती. सोलापूरच्या पार्क मैदानावर फास्ट बोलिंग टाकायचो. 23व्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि रणजीचं स्वप्न तिथंच राहिलं. (कसोटी क्रिकेटपटू पॉली उम्रीगर आपल्या सोलापुरात जन्मले, हे सांगून वडील अजून उसासे टाकतात, ते सोडा.)

घरी बसून वैताग आला म्हणून वही घेऊन सिद्धेश्वर तलावाकाठी जायला लागलो. पहिले दोन महिने हात काढताच येईनात, बोटं म्हणजे नुसत्या भेंड्या! मग चेहरा, बोटं सगळं सोडलं. एका मिनिटात फक्त माणसाचा तोल पकडायचा: वजन कुठल्या पायावर, खांदा कुठं झुकलाय, पाठीला बाक किती. इथं बोलिंग कामाला आली. बॅट्समन मागच्या पायावर गेलाय का, हे हेरायची सवय डोळ्याला होतीच.

महागडं सामान घेऊ नका. 4बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिल आणि न्यूजप्रिंटचा स्वस्त कागद पुरे, खोडरबर घरीच ठेवा. मी वर्षभर रंगांना हात लावला नाही.

आता रविवारी पार्कवर जातो ते कडेला बसून बोलर रेखाटायला. चेंडू सोडण्याआधीची उडी मात्र अजून कागदावर जमत नाही.