हळदीचे फोटो हलले, म्हणून हप्त्यावर कॅमेरा घ्यावा का?

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. पतसंस्थेत नोकरी, हातात पगार ३६,०००. घरात पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांनी २२,००० ला वापरलेला कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी साधी झूम. आता त्यांना १,३५,००० चा फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चकतीचा) आणि आत आरसा नसलेला कॅमेरा घ्यायचाय, २४ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर. कासची फुलं मनासारखी येत नाहीत आणि मावसभावाच्या हळदीचे फोटो दाणेदार, हललेले आले, ही कारणं. लग्नाच्या ऑर्डरी घेऊन हप्ता सुटेल असं त्यांना वाटतं. पत्नी विचारते, ‘आहे त्याला काय झालंय?’

हौसेला मोल नसतं, हे मला मान्य आहे. पहाटे उठून कासला जाणाऱ्या माणसाला मी छंद सोडा म्हणणार नाही. पण तुमच्या पत्नीचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर कॅमेऱ्यात नाही, लेन्समध्ये आहे.

हळदीच्या मांडवात संध्याकाळी तुम्ही झूम पूर्ण ओढून फोटो काढले असणार. किट लेन्स ५५ वर असताना छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठं उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). उजेड कमी, म्हणून आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत गेला, दाणे आले. शटर मंदावलं, माणसं हलली. त्याच कॅमेऱ्याला ५०ची एफ १.८ लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. ती नवी दहा हजारांच्या आसपास मिळते. फुल फ्रेम घेऊनही पुढे तशीच अंधारी झूम लावलीत, तर फायदा होईल, पण एवढा नाही.

कासचं दुखणं वेगळं. सीतेची आसवं किंवा गेंद ही फुलं इतकी बारीक की तिथे जवळून फोकस होणं महत्त्वाचं. त्यासाठी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, साधीशी एक-दोन हजारांत येते. मोठा सेन्सर इथे काही मदत करत नाही. मायणीला पक्षी टिपायला गेलात तर तुमचा लहान सेन्सरच सोयीचा, कारण त्याच लेन्समधून पक्षी फ्रेममध्ये मोठा दिसतो.

लेन्स घेताना एक काळजी घ्या. मी निकॉनचा सुरुवातीचा कॅमेरा वापरायचो तेव्हा स्वस्त मिळाली म्हणून जुनी ५०ची ‘डी’ लेन्स उचलली. त्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नव्हती आणि लेन्समध्येही नव्हती. महिनाभर हाताने फोकस करून शेवटी तोट्यात विकली. कॅननच्या ईएफ लेन्सना, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या लेन्सना, मोटर असते, तेव्हा तुम्हाला ती अडचण नाही. शिवाय ईएफ लेन्स पुढे कॅननच्या मिररलेसवर अडॅप्टर लावून चालते, म्हणजे आजचे दहा हजार वाया जात नाहीत.

आता घरचा हिशेब. खर्च २४,०००, एसआयपी आणि मुलीची आरडी मिळून ५,०००. उरतात ७,०००. हप्ता ५,६२५. म्हणजे दोन वर्षं महिन्याला १,३७५ मध्ये वडिलांचं औषधपाणी, गाडीचं काम आणि सणवार. ‘नो कॉस्ट’ शब्दावरही जाऊ नका. दुकान व्याजाएवढी सूट देतं आणि बँक ते व्याज तुमच्याकडून घेतेच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. व्याजदर १६ टक्के धरला तर हा जीएसटी सुमारे ३,६०० होतो, प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीने घेताना तीच सूट कदाचित तुमच्या हातात पडली असती.

मुदतठेव १,६०,००० आहे. सहा महिन्यांचा घरखर्च १,४४,०००. त्याला हात लावायचा नाही. वरचे १६,००० मोकळे आहेत, त्यात लेन्स, ट्यूब आणि एक जास्तीचं कार्ड बसतं.

ऑर्डरींबद्दल मला खरी काळजी वाटते. आजवर पैसे घेऊन एकही लग्न तुम्ही केलेलं नाही. अक्षता पुन्हा पडत नाहीत. तुमच्या कॅमेऱ्यात कार्डाची एकच खाच, ते खराब झालं तर त्या घराला काय सांगणार? म्हणून आधी एखाद्या अनुभवी फोटोग्राफरच्या हाताखाली दुसरा कॅमेरा धरा. स्वतःची ऑर्डर आली की दोन खाचांचा कॅमेरा त्या दिवसापुरता भाड्याने आणा, भाडं गिऱ्हाइकाच्या दरात धरा. मिळकत वेगळ्या खात्यात टाका आणि पगारातून महिन्याला ३,००० ची आरडी सुरू करा. दीड वर्षात ५४,००० मुद्दल होईल. ऑर्डरींचे पैसे त्यात मिळून निम्मी किंमत जमली, तर मोठा कॅमेरा घ्यायला माझी हरकत नाही.

दुकानात जायच्या आधी मात्र एका संध्याकाळी पत्नीबरोबर बसून हळदीचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढलाय ते दिसतं. बहुतेक ५० च्या पुढचे असतील तर ५०ची लेन्स घ्या. १८ ते २४ च्या दरम्यानचे निघाले तर थांबा, कारण तुमच्या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स ८० सारखी दिसते आणि घरातल्या दाटीवाटीत मागे सरकायला जागा उरत नाही. तसं असेल तर आकडे मला कळवा, लेन्स वेगळी निवडावी लागेल.