सगळ्या कोर्टांची संगणक प्रणाली एक करायला इतका वेळ का लागतो?

प्रश्न विचारणारे ऐरोलीत कोअर बँकिंगचं, म्हणजे बँकेच्या सगळ्या शाखा एकाच प्रणालीवर चालवण्याचं काम करतात. त्यांचं म्हणणं असं: बँकांनी हजारो शाखा जोडून दाखवल्या, मग ठाणे, कल्याण, भिवंडी, बेलापूर, पनवेल ही कोर्टं एका प्रणालीवर नीट का येत नाहीत? नेमकं अडतं कुठे?

सॉफ्टवेअरमध्ये फारसं अडत नाही. जिल्हा न्यायालयांसाठी एनआयसीच्या (केंद्र सरकारची संगणक संस्था) पुणे केंद्राने बनवलेली सीआयएस ही प्रकरणांच्या नोंदींची प्रणाली देशभर चालते. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा कोड खुला आहे. गाभा सगळीकडे एकच आणि हायकोर्टाला स्थानिक गरजेनुसार भोवतीने भर घालता येते. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संगणकीकरणाच्या सरकारी प्रकल्पाचा पहिला टप्पा 2007 चा, दुसरा 2015 चा आणि तिसरा 2023 मध्ये मंजूर झालेला, 7,210 कोटींचा. त्यातले 2,038.40 कोटी केवळ जुन्या कागदांचं स्कॅनिंग आणि जतन यासाठी आहेत. कामाचं ओझं कुठे आहे ते या एका आकड्यावरून कळतं.

बँकेत रात्री खतावणी जुळते. जमा-नावे जुळलं नाही की चूक त्याच दिवशी कळते. कोर्टाच्या नोंदीत असा आपोआप जुळणारा आकडा नाही. ताळा एकच, तो म्हणजे रॅकवरचा प्रकरणाच्या कागदांचा गठ्ठा. म्हणून माझ्या मते एकत्रीकरणाची पहिली पायरी संगणकाबाहेर आहे: प्रत्येक कोर्टातली प्रलंबित प्रकरणं हाताने मोजायची आणि प्रकार, वर्ष व टप्प्यानुसार नोंदवहीशी व संगणकाशी ताडून पाहायची. निकाल लागूनही संगणकात प्रलंबित राहिलेली, वरिष्ठ कोर्टात रेकॉर्ड गेल्यामुळे रॅकवर नसलेली, आरोपी फरार म्हणून बाजूला ठेवलेली प्रकरणं इथेच सापडतात. हे न करता डेटा हलवला तर चुका नव्या घरात जातात आणि त्यांना अधिकृतपणाचा शिक्का बसतो.

पुढचा प्रश्न प्रकरणाची ओळख पटवण्याचा. दिवाणी दावा क्र. 215/2012 ठाण्यात असेल, कल्याणला असेल आणि बेलापूरलाही असेल. कुठे त्याला रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) म्हणतात, कुठे आर.सी.एस. (रेग्युलर सिव्हिल सूट). त्यावर उपाय म्हणून 16 अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा देशभरात एकमेव असलेला क्रमांक आला: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा अनुक्रमांकाचे, चार वर्षाचे. ठाण्याच्या प्रकरणांची सुरुवात एमएचटीएचने होते. यातला अनुक्रमांक म्हणजे दाव्याचा नंबर नव्हे, तो दाखल होणाऱ्या सगळ्या प्रकारांना मिळून चालतो. जोडणी करताना किल्ली म्हणून, म्हणजे नोंदी जुळवायचा आधार म्हणून, सीएनआरच वापरा. दाव्याचा नंबर आणि पक्षकाराचं नाव यांवर कधीही विसंबू नका.

नावांचं काय होतं ते एका आडनावावर दाखवतो. जुनं मराठी टंकलेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. तिथे अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात. 'कर्णिक' साठवलं जातं ते क, पहिली वेलांटी, ण, रफार (अक्षरावरचा र), क असं. युनिकोडला वेलांटी व्यंजनानंतर लागते आणि रफाराचा र त्याच्या व्यंजनाआधी. क्रम न बदलता नुसती अक्षरास अक्षर बदलली की 'किणर्क' तयार होतो. मग नावाने शोधणाऱ्या माणसाला आपला दावा सापडतच नाही, आणि प्रणालीला मात्र काहीच चुकलेलं वाटत नाही. त्यामुळे रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी असलेली नावं वेगळी काढून माणसाकडून वाचून घ्यावीत.

नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे. पोलीस आयुक्तालय एक, न्यायिक जिल्हे दोन. रबाळ्याचा गुन्हा बेलापूरच्या कोर्टात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात जातो आणि खारघरचा पनवेलला, म्हणजे रायगडमध्ये. त्यामुळे आयुक्तालयावरून कोर्ट ठरवणारा कोणताही नियम इथे कोसळतो. जोडणी पोलीस ठाण्यागणिकच करावी लागते आणि प्रत्येक जोडीला 'कधीपासून कधीपर्यंत' अशी तारीख लागते. 2020 मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झालं तेव्हा ठाणे ग्रामीणची काही ठाणी तिकडे गेली. जुने गुन्हे मात्र जुन्याच घटकाच्या नावाने नोंदलेले आहेत. तारखेचा रकाना नसेल तर दोषारोपपत्र भलत्याच गुन्ह्याला चिकटतं.

कायद्यांच्या यादीलाही हेच लागू आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते. फसवणुकीचं जुनं कलम 420 आता 318(4) आहे. म्हणून जुनी कलमं 'अद्ययावत' करण्याचा मोह कटाक्षाने टाळा. दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवा आणि गुन्ह्याच्या तारखेवरून निवड होऊ द्या.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस निवडताना बँकेचा अनुभव कामाला येत नाही. कोर्टाला सुट्टी असली तरी रिमांड, म्हणजे आरोपीच्या कोठडीबद्दलची सुनावणी, थांबत नाही. अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं. प्रणाली बंद असेल तेवढ्या काळासाठी पानांवर क्रमांक छापलेली कागदी नोंदवही ठेवायची, ती नंतर दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून तपासून प्रणालीत चढवायची आणि मगच प्रणाली सर्वांना खुली करायची. दिवाणी कामासाठी उन्हाळी किंवा दिवाळीची सुट्टी साधावी. सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी एकच अहवाल पाहा: पुढची तारीख नसलेली किंवा उलटून गेलेली प्रकरणं किती? तारीख चढली नाही तर प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीत, येत नाही, आणि बोर्डावर न आलेलं प्रकरण कोणाच्याही नजरेस पडत नाही. शहापूरहून किंवा मुरबाडहून आलेल्या पक्षकाराचा अख्खा दिवस आणि मजुरी त्यात जाते.

ज्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते म्हणजे गोपनीयता. पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा) आणि बलात्काराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख झाकलेली असते. ही खूण जुन्या प्रणालीत कधी वेगळ्या रकान्यात, कधी नावाच्या जागी 'अबक' लिहून ठेवलेली असते. डेटा एकत्र होताना ती गळाली तर नाव थेट संकेतस्थळावर जातं. अशी सगळी प्रकरणं आधी पूर्ण बंद ठेवून, एकेक तपासूनच खुली करावीत.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात: अख्ख्या गठ्ठ्याची एक फाइल करू नका. निशाणीगणिक, म्हणजे प्रकरणातल्या क्रमांक दिलेल्या प्रत्येक कागदाची, वेगळी फाइल, 300 डीपीआय (स्कॅनची स्पष्टता), पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतनासाठीचं) स्वरूपात. निशाणी 5 चा मनाई अर्ज न्यायाधीशांना 400 पानं न चाळता उघडता आला पाहिजे. पानांची संख्या गठ्ठ्यावर आणि प्रणालीत, दोन्हीकडे लिहा. ती जुळेपर्यंत मूळ कागद अभिलेख कक्षात परत पाठवू नका.