पोराच्या ताब्यावर पैसे लावू नकोस

प्रिय बाबू,

सोयाबीनच्या चुकाऱ्यातले पाच हजार तू सट्ट्याच्या त्या ऑनलाइन आयडीवर टाकलेस, असं तुझे बाबा सांगत होते. तेही क्रिकेटवर नाही. परदेशातल्या कोण्या नटाच्या पोराचा ताबा आईला मिळणार की बापाला, यावर! बाबा पैशांसाठी चिडलेत. मला त्या पोराचं जास्त लागलं.

तू म्हणशील, माझ्या पाच हजारांनी त्या पोराचं काय बिघडलं? बिघडतं ते तुझं. अमेरिकन गायिका ब्रिटनी स्पिअर्सचं घे. ऑक्टोबर 2007 मध्ये कोर्टाने तिची दोन्ही मुलं बापाकडे दिली. थोरला दोन वर्षांचा, धाकटा एकाचा. जानेवारी 2008 मध्ये मुलं परत द्यायच्या वेळी तंटा झाला, पोलीस आले, तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मुलांना भेटणंही कोर्टाने थांबवलं. बापावर पैसे लावणाऱ्याला ही बातमी गोड लागली असती. एका आईचे हाल, आणि आपल्याला आनंद! लगवाडी केली, म्हणजे पैज लावली, की मन तिकडे जातंच रे, चांगल्या माणसाचंही.

यवतमाळच्या कोर्टात मी ताब्याचे अर्ज चालवतो. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यापासून कोर्ट पाहतं ते मुलाचं हित. आई जिंकली की बाप, हा तिथला प्रश्नच नाही. हुकूमही कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. एका पोरीला न्यायाधीश साहेबांनी चेंबरमध्ये बोलावून विचारलं, कोणाकडे राहायचं? असेल सहा-सात वर्षांची. ती दप्तराची चेन उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. बोलली काहीच नाही. बाहेर व्हरांड्यात दोन्हीकडचे नातेवाईक टपलेले, पोरगी कोणाचं नाव घेते म्हणून. यावर भाव कसा लावशील तू?

आणि जिंकलास तरी पैज घेणाऱ्या खायवालाने पैसे दाबले तर कुठे जाशील? 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 पैजेचा करार मानतच नाही, कोर्टातून छदामही वसूल होत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने बंदीचा कायदाच केलाय.

गेलेले काढायला नवे टाकू नकोस. आयडी आजच बंद कर. रक्कम पाच हजारांहून जास्त असेल तर बाबांना खरं सांग. एकट्याने जमत नसेल तर रविवारी मी गावात येतोय, सोबत बसू. हरभऱ्याच्या बियाण्याचं काय करायचं तेही तेव्हाच पाहू.

तुझा,
वकीलकाका