वाचकांचे प्रश्न : टर्नटेबलची मोटर घरी बदलावी का?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळचा, जपानी बनावटीचा, क्वार्ट्झ लॉक (स्फटिकाच्या कंपनांवरून वेग पक्का ठेवणारी सोय) असलेला डायरेक्ट ड्राइव्ह रेकॉर्ड प्लेअर आहे. गेल्या पावसाळ्यापासून बटण दाबल्यावर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवण्याची फिरती तबकडी) कधी लगेच फिरतो, तर कधी जागच्या जागी थरथरतो आणि बोटाने ढकलल्यावरच चालू होतो. एका दुरुस्ती करणाऱ्याने तो न उघडताच मोटर गेल्याचे सांगितले. त्याच मॉडेलची जुनी मोटर परदेशातून मागवता येते, पण ती बरीच महाग पडते. प्लॅटर उचलला असता त्याच्या खालच्या बाजूला मोठे वर्तुळाकार चुंबक दिसते. मला सोल्डरिंग येते आणि घरी मल्टीमीटर आहे. हे काम मी स्वतः करावे का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : काम घरी करता येते आणि ज्याला सोल्डरिंग येते त्याच्यासाठी ते फारसे अवघडही नाही, परंतु आपण केलेल्या वर्णनावरून मोटर बदलण्याची वेळ आली आहे असे अद्याप सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध होईपर्यंत परदेशी पैसे पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लॅटरखाली चुंबक आहे हे आपण कळवले ते बरे झाले, कारण त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. आपल्या यंत्रात मोटर म्हणून वेगळा डबा नाहीच. चुंबकासह प्लॅटर हाच मोटरचा फिरणारा भाग आहे, आणि त्याच्याखाली चौकटीवर बसवलेल्या तांब्याच्या कॉइल हा स्थिर भाग आहे. जुन्या प्लेअरमध्ये मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेणारी मोटर रबरी चाकाने किंवा पट्ट्याने प्लॅटर फिरवीत असे आणि तिची घरघर सुईपर्यंत पोचत असे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० हा पहिला डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल बाजारात आणला तो ही मधली साखळी काढून टाकून. त्यात मोटर रेकॉर्डच्याच वेगाने, म्हणजे मिनिटाला ३३ १/३ किंवा ४५ फेऱ्यांनी फिरते. अशा मोटरमध्ये कार्बन ब्रश नसतात आणि एकमेकांवर घासणारी जागा एकच, ती म्हणजे मधल्या दांड्याचे बेअरिंग. त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही मोटर स्वतः क्वचितच मरते. बिघडतात ते तिला चालवणाऱ्या सर्किटमधले कंडेन्सर, बटणांचे कॉन्टॅक्ट, वेग बदलण्याचा कंट्रोल आणि जागोजागचे ड्राय सोल्डर, म्हणजे चीर पडलेले सोल्डरचे जोड. ‘मोटर गेली’ हे निदान सांगायला सोपे असते, एवढाच त्याचा गुण.

प्रथम प्लग काढून प्लॅटर हाताने हळूच फिरवावा. तो आवाज न करता बराच वेळ फिरत राहिला पाहिजे. लगेच अडखळून थांबला किंवा खालून खरखर ऐकू आली, तर बेअरिंग कोरडे पडले आहे असे समजावे. टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ या १९७९ च्या प्रसिद्ध मॉडेलच्या पुस्तिकेत दर २,००० तासांनी तेलाचे दोन-तीन थेंब द्यावेत असे म्हटले आहे. रोज एकच एलपी ऐकणाऱ्याला हा हिशेब सात वर्षांचा पडतो, त्यामुळे बहुतेक घरांत तेल कधीच दिलेले नसते. तेल पातळ आणि खनिजच असावे. खोबरेल तेल काही काळाने चिकट होते आणि गंज सोडवण्याचे स्प्रे उडून जाऊन आतील वंगणही धुऊन नेतात, म्हणून ते दोन्ही टाळावेत.

आता आपल्या मुख्य तक्रारीकडे वळू. प्लॅटरच्या कडेवर कागदी चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा, आणि प्लेअर चालू करताना प्लॅटर ज्या ज्या जागी अडतो तिथे त्या तुकड्यासमोर, खालच्या चौकटीवर लावलेल्या दुसऱ्या पट्टीवर, पेन्सिलीने खूण करावी. असे वीस-पंचवीस वेळा केल्यावर खुणांकडे पाहावे. त्या ठरावीक अंतरावर, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी पडत असतील, तर तीन फेजपैकी (म्हणजे कॉइलच्या तीन गटांपैकी) एका फेजची कॉइल किंवा प्लॅटरची स्थिती ओळखणारा एखादा हॉल सेन्सर काम करीत नाही, किंवा त्या फेजला वीज पुरवणारा सर्किटचा भाग बंद आहे. कारण एक फेज नसेल तर फेरीत समान अंतरावर अशा जागा येतात जिथे मोटरला जोरच मिळत नाही, आणि तिथे थांबलेला प्लॅटर बोटाने ढकलावा लागतो. खुणा वाटेल तिथे विखुरलेल्या असतील, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा बटणात आहे. पावसाळ्यात सुरू झालेला त्रास बऱ्याच वेळा या दुसऱ्या प्रकारचा निघतो. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा स्टार्टच्या बटणात आणि वेगाच्या कंट्रोलमध्ये मारून ते तीस-चाळीस वेळा चालवावेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

पहिला प्रकार निघाला तरच मल्टीमीटर हातात घ्यावा. प्लग काढलेला असताना कॉइलच्या तीन टोकांपैकी दोन-दोनची जोडी घेऊन रेझिस्टन्स मोजावा. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना लावून पिनांचा आणि वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स किती येतो ते पाहून तो वजा करावा, कारण इथे मुळातच काही ओहमचा मामला असतो आणि साध्या मीटरच्या वायरी त्यात सहज भर घालतात. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर कॉइल शाबूत आहेत. तसे असेल तर मोटर मागवण्याचा विचार सोडून द्यावा. सेन्सर, सर्किटच्या पाटीवरचे सोल्डर आणि मोटर चालवणारी आयसी (चिप) यांकडे वळावे. भिंगातून पाहिल्यास आयसीच्या पायांभोवती आणि कनेक्टरच्या पिनांभोवती बारीक काळसर वर्तुळाकार चीर दिसते. तेच ड्राय सोल्डर. तिथे नवीन सोल्डर देणे हे अनेक वेळा संपूर्ण दुरुस्तीचे काम करून जाते, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आपल्या महाराणी रोडवरील दुकानांत मिळतील. व्होल्टेज मूळ आकड्याइतके किंवा थोडे जास्त, तापमानाची मर्यादा १०५ अंशांची आणि प्लस-मायनसची बाजू तीच, एवढे पाळावे.

एखादी जोडी उघडी आली, म्हणजे मीटरने काहीच वाचले नाही, तर मात्र आधी कॉइलच्या टोकांचे सोल्डर तपासून मग स्थिर भाग बदलावा लागेल. तो नेमक्या त्याच मॉडेलच्या त्याच आवृत्तीचा आणि शक्यतो त्याच्या सर्किटच्या पाटीसह घ्यावा, कारण नुसत्या कॉइल घेतल्या आणि सेन्सरची मांडणी किंवा कनेक्टरचा क्रम वेगळा निघाला तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बिनकामाच्या वस्तू घरात राहतील. विकणाऱ्याकडून तीन जोड्यांच्या रेझिस्टन्सचे आकडे आणि मीटरचे छायाचित्र आधीच मागवावे. देण्यास टाळाटाळ झाली तर व्यवहार करू नये.

प्रत्यक्ष कामात सर्वांत नाजूक वस्तू सुई आहे, मोटर नव्हे. म्हणून आधी कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असलेले हेडशेल, म्हणजे टोनआर्मचे पुढचे टोक, आणि टोनआर्मचे (सुई धरणाऱ्या दांडीचे) मागील वजन काढून दूर ठेवावे, टोनआर्म त्याच्या टेकूला दोऱ्याने बांधावा आणि मग प्लॅटर उचलावा. त्यात बोटे घालण्यासाठी भोके असतील तर त्यांतून, सरळ वर. चुंबक लोखंडी कीस पटकन ओढून घेते. म्हणून प्लॅटर जमिनीवर किंवा ज्या टेबलावर स्क्रू-पाने पडले आहेत तिथे न ठेवता स्वच्छ कपड्यावर, चुंबक वर करून ठेवावा. प्लेअर मऊ फोमवर उलटा करून तळाची पाटी काढावी. प्लग काढलेला असतानाही घाई करू नये, काही मिनिटे थांबावे. चाचणीसाठी वीज लावावी लागेल तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बाजूला आणि पॉवरच्या स्विचवर २३० व्होल्ट असतात हे लक्षात ठेवून त्या भागापासून हात दूर ठेवावा. आतल्या प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे काढावीत आणि वायर सोडवण्यापूर्वी रंगांचा क्रम कागदावर लिहावा. जुन्या पाट्यांवरील तांब्याची पट्टी उष्णतेने उखडते, म्हणून २५ वॅटच्या आसपासचे सोल्डरिंग आयर्न एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. जुने सोल्डर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घ्यावे. बेअरिंगच्या तळाशी सील केलेला स्क्रू असेल तर त्याला हात लावू नये, कारण प्लॅटर आणि कॉइल यांच्यातील अंतर त्यावर अवलंबून असू शकते. सर्किटमधील लहान प्रीसेटही (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचे जुळणीचे कंट्रोल) उगाच फिरवू नयेत. फिरवणे अटळ असेल तर मूळ जागेवर आधी पेनाने खूण करावी.

जोडणी झाल्यावर रेकॉर्ड न लावता चालू करून पाहावे. प्लॅटर उलटा फिरला किंवा जोराने थरथरला, तर फेजच्या किंवा सेन्सरच्या वायरींचा क्रम चुकला आहे. भरधाव सुटला आणि वेग आवरेनासा झाला, तर वेगाची माहिती सर्किटपर्यंत पोचत नाही. लगेच बंद करून तो कनेक्टर पाहावा. सगळे ठीक असून स्पीकरमध्ये हमिंग येऊ लागले, तर बहुधा अर्थिंगची वायर जोडायची राहिली आहे.

प्रश्न : जपानहून माझा भाऊ वापरलेला डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअर आणणार आहे. तिथे १०० व्होल्ट आणि काही भागांत ६० हर्ट्झ वीज असते असे तो म्हणतो. आपल्या ५० हर्ट्झ विजेसाठी मोटर बदलावी लागेल का?
— एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मोटर बदलण्याची गरज नाही. आपल्या मनातील शंका जुन्या पट्ट्याच्या प्लेअरना लागू पडते, कारण त्यांतील मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवरून ठरतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेला तसा प्लेअर इथे लावला तर ३३ १/३ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेईल, आणि मग त्याची पुली बदलावी लागते. क्वार्ट्झ असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हचा वेग आतल्या स्फटिकाच्या कंपनांवरून ठरतो, त्याला बाहेरच्या हर्ट्झशी कर्तव्य नाही. व्होल्टेजची गोष्ट मात्र वेगळी आहे : १०० व्होल्टचे यंत्र थेट आपल्या २३० व्होल्टवर लावले तर ट्रान्सफॉर्मर जळेल. प्लेअरच्या मागच्या पट्टीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा निदान दुप्पट क्षमतेचा, २३० वरून १०० व्होल्ट देणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि तो कार्ट्रिजपासून दूर ठेवावा, नाहीतर त्याचे हमिंग सुईवाटे ऐकू येईल. ११० व्होल्टचा सहज मिळतो म्हणून तोच घेण्याचा मोह आवरावा.

प्रश्न : माझ्या डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअरवर ख्यालाची एक एलपी ऐकताना स्वर चढा वाटला. हार्मोनियमवर पाहिले तर काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये लागते. मोटर जास्त वेगाने फिरते आहे का? ती बदलावी का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : अर्धा स्वर चढला याचा अर्थ वेग सुमारे सहा टक्के जास्त आहे. मोटर खराब झाल्याने इतका आणि इतका स्थिर फरक पडत नाही. आधी पिचचा, म्हणजे वेग थोडा कमी-जास्त करण्याचा, सरकता कंट्रोल पाहावा. अनेक यंत्रांत तो मधोमध आला की ‘टक्’ असा लागतो आणि तिथेच क्वार्ट्झचा ताबा सुरू होतो. तिथला कॉन्टॅक्ट मळला असेल तर कंट्रोल मधोमध दिसूनही वेग भलताच राहतो, आणि क्लीनरने तो साफ होतो.

वेग मोजण्यासाठी ५० हर्ट्झच्या विजेला लागू असलेली, १८० रेघांची कागदी स्ट्रोब चकती प्लॅटरवर ठेवून ती साध्या टंगस्टनच्या दिव्याखाली किंवा जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहावी. हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांत तशी उघडझाप नसते, त्यामुळे त्यांच्या उजेडात रेघा नुसत्या पुसट होतात. वेग बरोबर असेल तर रेघा उभ्या राहतात. सेकंदाला एक रेघ पुढे सरकली तर वेग एक टक्का जास्त आहे. पाच सेकंदांत एखादी रेघ सरकत असेल तर तिकडे दुर्लक्ष करावे, कारण आपल्या ग्रिडचे हर्ट्झच ४९.९० ते ५०.०५ यांच्यामध्ये कमी-जास्त होत असते. प्लेअरच्या कडेला स्वतःचा स्ट्रोब दिवा असेल आणि तो क्वार्ट्झवर चालत असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

तानपुऱ्याचा षड्ज एकसारखा चढा न राहता लाटेसारखा वर-खाली होत असेल, तर घड्याळ लावून पाहावे. लाट दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो रेकॉर्डच्या एका फेरीचा काळ आहे, आणि दोष बहुतेक वेळा रेकॉर्डचे भोक मध्यापासून सरकलेले असण्याचा किंवा रेकॉर्ड वाकलेली असण्याचा असतो. तेच दुसरी एलपी लावून पडताळता येईल. रेघा स्थिर आहेत, दुसऱ्या एलपीचे स्वर हार्मोनियमशी बरोबर लागतात आणि तरीही हीच एक एलपी चढी वाटते, असे असेल तर तिच्यावरील गायन मुळातच चढे मुद्रित झाले आहे असे समजून पिचचा कंट्रोल सुमारे ५.६ टक्के खाली आणून ती ऐकावी. त्या वेळी क्वार्ट्झ लॉक सुटतो, त्याने यंत्राचे काही बिघडत नाही. ऐकून झाल्यावर कंट्रोल पुन्हा मधोमध आणावा.