स्लॅब मालकाचा, एफडी तुमची

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. भाडं ९,०००, डिपॉझिट ४०,०००. अकरा महिन्यांच्या करारातले पाच महिने उरलेत. करार नुसता नोटरी केलेला आहे. गेल्या पावसाळ्यात बेडरूमचा स्लॅब गळला, पोपडे अंथरुणावर पडले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ६४,००० सांगितलेत. घरमालक काका म्हणतात, "आत्ता तुम्ही करून घ्या, महिन्याला दोन हजार भाड्यातून वळते करू." माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत, अडीअडचणीसाठी १,६०,००० ची एफडी आहे. ती मोडू, की ११,००० भाड्याचं दुसरं घर बघितलंय तिकडे जाऊ? फ्लश आणि गीझरचा खर्चही काका आमच्यावरच टाकतात, हे बरोबर आहे का?

उत्तर: एफडी तशीच राहू द्या, आणि दुसऱ्या घराचा टोकनही देऊ नका. आधी काकांचा हिशेब कागदावर मांडू.

महिन्याला २,००० म्हणजे ६४,००० फिटायला ३२ महिने लागणार. तुमच्या कराराचे उरलेत पाच महिने. तेवढ्यात वळते होतील १०,०००. राहिलेले ५४,००० कशाच्या भरवशावर? वर डिपॉझिटचे ४०,००० आधीच त्यांच्याकडे आहेत. म्हणजे काम झाल्या दिवशी तुमचे १,०४,००० रुपये काकांकडे अडकलेले असतील, जवळजवळ वर्षाचं भाडं. दुरुस्ती म्हणा नाहीतर काही म्हणा, हे बिनव्याजी उसने दिलेले पैसे आहेत, आणि त्याला तारण काहीच नाही.

काका शब्दाचे पक्के असतील, मला शंका नाही. पण घराचा निर्णय नेहमी एकट्या काकांचा नसतो. लग्नानंतर आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो. मोरीची फरशी मी माझ्या पैशाने, ११,००० घालून बदलून घेतली आणि कॅलेंडरच्या मागे दर महिन्याला किती फिटले ते लिहीत गेलो. चौथ्या महिन्यात मालकांच्या मुलाची बदली गावात झाली, आम्हाला घर सोडावं लागलं. मालक भले होते, निघताना चहा पाजला. कॅलेंडरवरचे सात हजार तिथेच राहिले. तेव्हापासून मी भाड्याच्या घरात खिळासुद्धा विचारून ठोकतो.

आता कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम, करारात उलट काही ठरलं नसेल तर. मालक टाळत असेल तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळ थांबायचं, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापता येतो. पण वर्षाला एकूण भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. तुमच्या बाबतीत १,०८,००० चा पाव, म्हणजे २७,०००. शिवाय यात एक मेख आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीचा करार असलेला माणूस कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नसतो, त्यामुळे या कलमाचा आधार त्याला सरळ मिळत नाही; करारात काय लिहिलंय यावरच सगळं येतं. तुमच्या कराराच्या डोक्यावर कोणते शब्द आहेत ते आज रात्री वाचा. करार रजिस्टर करण्याची जबाबदारी मात्र कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. हे काकांच्या तोंडावर फेकायची गरज नाही, नुसतं लक्षात असू द्या. आणि चिडून भाडं थांबवू नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी होते.

काकांना शांतपणे सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकर काढताना घरफाळा वजा केला की उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मालकाने दुरुस्तीला एक रुपया लावला असो वा नसो. देखभालीला मालकाचा खर्च होणारच, हे सरकारनंही धरलेलं आहे. काका कर भरत असतील तर ही सवलत त्यांना दर वर्षी मिळते आहे.

माझा प्रस्ताव असा. ६४,००० काकांनी घालावेत आणि भाडं ९,७०० करावं. त्यांना वर्षाला ८,४०० जादा मिळतील, म्हणजे घातलेल्या पैशावर तेरा टक्के. एफडीवर एवढं कोण देतं? स्लॅबचं आयुष्य वाढतं ते वर. तत्त्वानं बघितलं तर हे ७०० सुद्धा तुम्ही देऊ नयेत, हे मला कळतं. पण तुम्ही बघितलेलं घर ११,००० चं आहे. तिकडे गेलात तर महिन्याला दोन हजार जादा, शिवाय टेम्पो, हमाल, एजंटचं एक महिन्याचं भाडं. आणि पाच महिन्यांनी काकांनीच अकरा हजार मागितले तर काय म्हणणार? ७०० रुपये स्वस्त आहेत, एका अटीवर: करार नवा, ३३ महिन्यांचा, रजिस्टर केलेला, मधल्या वाढीचं कलम नसलेला. स्टॅम्प ०.२५ टक्के, तुमच्या आकड्यांवर आठ-नऊशे रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. निम्मे-निम्मे करा.

काकांकडे खरंच रोख नसेल तर तुमचा हिस्सा ४५,००० वर थांबवा, कारण उरलेल्या पाच महिन्यांचं भाडं तेवढंच होतं. ते पूर्ण वळतं करून घ्यायचं, दोन-दोन हजाराने नाही. वरचे १९,००० काकांचे. तसं पत्र दोघांच्या सहीनं करा, बिलं काकांच्या नावावर घ्या, आणि दर महिन्याचे वाचलेले ९,००० आरडीत टाकून एफडी पुन्हा भरून काढा. याच्या पलीकडे एक रुपयाही नको. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. तुमच्या कारखान्यात तेव्हाचे कुणी असतील तर विचारा, त्या महिन्यात घर कशावर चाललं. तुमची एफडी त्यासाठी आहे.

पण ६४,००० चा आकडा मला अजून पटलेला नाही. गळती नक्की कुठून आहे हे कुणी बघितलंय का? गच्चीच्या पन्हाळीचं तोंड पोत्याने बुजवा, दोन बोटं पाणी कोंडून चोवीस तास ठेवा आणि खाली स्लॅबवर ओल उमटेल तिची कड पेन्सिलीने आखा. डाग कठड्याच्या बाजूने सुरू झाला, तर कदाचित कठड्याच्या सांध्यातच काम भागेल. टाकीच्या खालीच असेल तर प्लंबरचं काम, हजार-दोन हजारांत संपेल. हे करताना काकांना वर बोलवा. स्वतःच्या डोळ्याने बघितलेल्या ओलीवर मालक लवकर पैसे काढतो. हे सगळं मृगाच्या आधी व्हायला हवं. पाऊस लागला की गवंडी मिळत नाही आणि ओल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा लेपही धरत नाही.

राहिला फ्लश आणि गीझर. नळाचा वॉशर, फ्लश, बटणं, गीझरची कॉइल ही रोजच्या वापरातली झीज, ती राहणाऱ्याने करायची असाच रिवाज आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातल्या यादीतही अशी कामं भाडेकरूकडे आणि भिंतींचा रंग, पाइप, वायरिंग मालकाकडे आहे. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही, पण नव्या कराराला ती यादी जोडायला हरकत नाही. गीझरची टाकीच सडली असेल आणि गीझर काकांचा असेल, तर नवा त्यांनी घ्यायचा. फ्लशचे चारपाचशे मात्र तुम्हीच द्या, याच आठवड्यात. ते झाल्यावर गच्चीत पाणी कोंडा आणि काकांना हाक मारा.